कमरेएवढा खड्डा

आमच्या शेतातल्या भेगेत एकदा अख्खी म्हैस गेली आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या विहिरीतून निघाली, तीही गाभण, असं मी तळेगावच्या बाजारात छातीठोकपणे सांगितलेलं आहे. ऐकणाऱ्यांनी वर चहा पाजला. काळ्या मातीबद्दल कितीही फेका, लोक अर्धं तरी खरं मानतात. उन्हाळ्यात तिच्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो, हे ज्याने त्याने पाहिलेलं असतं.

आमचं शेत टेकडीच्या उतारावर. वरचा तुकडा बरड: दगडगोटे, पातळ माती, पाणी दिलं की गायब. मधला मुरमाड. खाली नाल्याकडे भारी काळी. पावसाळ्यात ती चपला ठेवून घेते आणि माणसाला तेवढं घरी पाठवते. त्या काळीत दादाला संत्रा लावायचा होता. दादा माझा थोरला भाऊ, मोजकं बोलणारा. त्याच्या वाट्याचं बोलणंही आईने बहुधा मलाच देऊन टाकलं.

संत्र्याआधी आमच्याकडे पुरुषभर, म्हणजे उभा माणूस बुडेल एवढा, खड्डा खोदून पाहतात. खाली मुरूम लागला तर झाड नातवंडांना पोसतं. चुनखडीचा पांढरा थर लागला तर सहा-सात वर्षं फसवतं, मग पिवळं पडून शेंड्याकडून वाळत येतं. वरून दोन्ही जमिनी सारख्याच काळ्याभोर.

मे महिना होता. दादा कलमं ठरवायला गेला आणि खड्डा माझ्यावर सोपवून गेला. मी कमरेपर्यंत गेलो. सब्बल, म्हणजे पहार, मारली की ठणका थेट दाढेत यायचा. मग बाभळीखाली झोपलो, आणि उठल्यावर खड्डा बुजवून टाकला.

"बुजवला काऊन?" दादाने आल्या आल्या विचारलं.

"ढोरं पडतीन म्हणून."

"किती खोल गेलता?"

"दोन पुरुष! पाताळातला नाग म्हणे, 'बस कर बापा, छपराले भोक पडून राह्यलं.'"

तो हसला. मग हसू पुसून म्हणाला, "अन् चुनखड?"

"एक खडा नाई, दादा. काळी, मंग मुरूम."

झाडं लागली, फळं धरली. एका संत्र्यात वरात जेवली, असं मी सांगत फिरलो. दादा रोज सकाळी बागेत जाऊन प्रत्येक झाडाला हात लावायचा. मग सातव्या वर्षी पानं पिवळी पडली. त्याने पाणी वाढवून पाहिलं, तोडून पाहिलं, शेणखत दिलं, औषध फवारलं. जेवताना म्हणायचा, "माह्यंच काही चुकून राह्यलं." मी भाकरी मोडत बसायचो. असे दोन हंगाम गेले.

शेवटी कृषी खात्याच्या माणसाने खोदून पाहायला सांगितलं. दादा स्वतः उतरला. कमरेपर्यंत काळी. आणखी हातभर गेला आणि फावड्यावर पांढरं आलं.

"इथंच खोदलं होतं ना तू?"

"हो."

"किती?"

तोंडात गोष्टी तयार होत्या. चुना पुराने आणला, मुंग्यांनी वाहिला. एकही बाहेर आली नाही.

"कमरेएवढं."

तो त्या थरावरून अंगठा फिरवत राहिला. "म्हशीचं, नागाचं सारं खोटं असते, मले माहीत होतं. मी हासत होतो. पण चुनखडीचं मी खरंच विचारलं होतं ना रे तुले."

झाडं आम्ही दोघांनी मिळून तोडली. तो भांडला नाही. ताटात भाजी आधी मलाच वाढतो. मी काही रंगवून सांगायला लागलो की उठून बैलांकडे जातो.

यंदा त्याने मधल्या मुरमाड तुकड्यात पुन्हा संत्रा लावायचं ठरवलं. खोदायला मशीन बोलावली. खड्डा झाल्यावर टेप घेऊन तो स्वतः आत उतरला. वरचं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. मी काठावरच होतो, हात पुढे केलेला.

दादाने माझ्या पलीकडे पाहिलं. "ओ भाऊ, जरा हे धरता काय?"

मशीनवाल्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि टेप धरली.