आजचं पान

“आजचं पान आज,” असं म्हणून काकू पेन्सिल कानामागे खोचायच्या आणि दार उघडायला उठायच्या. दारात दूधवाला असो, पोलिओचा डोस पाजायला आलेली ताई असो, नाहीतर जिन्याची लाइट गेल्याचं सांगायला आलेले वरच्या मजल्यावरचे आजोबा असोत. चित्र तिथंच संपायचं. परत येऊन त्यांनी ते पुरं केलेलं मी कधी पाहिलं नाही.

नाशिकरोडला आमच्या इमारतीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. माहेर देवळ्याकडचं, कांद्याच्या शेतातलं. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला. त्यांना सगळे काका म्हणायचे, म्हणून या काकू. मी शाळेत शिकवते, त्यामुळे त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असूनही मी ‘बाई’.

चित्रकला त्या कुठे शिकल्या नव्हत्या. मुलगी शाळेतून बाहेर पडली तेव्हा तिच्या दुरेघी वह्यांचा गठ्ठा उरला. वाया कशाला घालवायच्या म्हणून यांनी रोज एक पान चित्र काढायला घेतलं. तवा, कपबशी, दोरीवरचा पायजमा, काकांचा चष्मा. वहीला रेघा असल्यामुळे त्यांचं मांजर पिंजऱ्यात बसल्यासारखं दिसायचं. गठ्ठा संपला तरी त्या दुरेघीच वह्या आणत राहिल्या. कोऱ्या कागदावर म्हणे त्यांना भीती वाटायची.

प्रत्येक चित्राखाली तारीख, आणि तारखेपुढे चित्र का थांबलं त्याचं कारण. ‘कुकर.’ ‘नणंदेचा फोन.’ ‘पाणी आलं.’ तुम्ही त्या वह्या चाळल्या असत्या तर त्यांच्या घरात कुठल्या दिवशी काय घडलं ते तुम्हाला चित्रांपेक्षा त्या कारणांतूनच जास्त कळलं असतं. कर्ज घ्या म्हणून सांगणारे फोन आपण अर्ध्यात तोडतो. काकू ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि “नको बरं का भाऊ” म्हणून ठेवायच्या. अशा एका भाऊमुळे काकांचं नाक राहिलं होतं.

एकदा त्यांनी मला समोर बसवलं. चित्र बरं जमलं होतं, पण डावा कान नव्हता. खाली लिहिलं होतं, ‘सिलिंडर आला.’

“काकू, माझा कान?”

“तो सिलिंडरवाला घेऊन गेला, बाई.”

काका पेपराआडून म्हणाले, “लोकांच्या बायका देव काढतात, फुलं काढतात. आमची तवा काढते.”

“देव मला कुठं दिसतो?” काकू म्हणाल्या. “तवा रोज दिसतो.”

एका सकाळी दाढी करता करता काकांच्या हातातलं रेझर खाली पडलं. पक्षाघात. वीस दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले, तेव्हा उजवी बाजू निकामी होती आणि बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं, पण तोंडून एवढंच निघायचं, “हां.” हो म्हणायचं असलं तरी हां, नाही म्हणायचं असलं तरी हां. नकाराला मान तेवढी हलायची.

बोलणं शिकवायला येणाऱ्या मुलीनं छापील चित्रांचे पत्ते दिले. तहान लागली की पेल्यावर बोट ठेवायचं. त्या पत्त्यावरचा पेला उंच दांड्याचा, काचेचा. काकांनी सगळे पत्ते उधळून दिले. मी ते गोळा करत होते, तेव्हा काकू म्हणाल्या, “राग येणारच ना, बाई. असला पेला आमच्या घरात कधी होता?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वह्या काढल्या. काकांचा पोचा आलेला स्टीलचा पेला. न्हाणीतली बादली. चष्मा. लेकीचा चेहरा. एकेक पान फाडून आम्ही दोघींनी पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवलं. काका डावं बोट उचलून दाखवू लागले. चार दिवस खिचडी खाऊन कंटाळले तेव्हा त्यांनी तव्यावर असं बोट आपटलं की भिंत वाजली. काकूंनी गरम भाकरी केली आणि ताट पुढे ठेवत म्हणाल्या, “हसायचात ना माझ्या तव्याला?” काकांचा अर्धा चेहरा हसला.

पण नवीन चित्र एकही नव्हतं. एकदा मी विचारलं, विचारायला नको होतं, “वेळच मिळत नसेल ना?”

“वेळ लय हाय, बाई. दिवसभर इथंच तर बसून असते. हातच उचलत नाय.”

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. काका मांडीवर शेवटची वही घेऊन डाव्या हातानं पानं उलटत होते. एका पानावर थांबले आणि त्यांनी बोट आपटलं.

काकू उठल्या. “पाणी?” मान हलली. “चहा? संडासला जायचंय का?” काकांचं बोट तिथंच. काकूंनी वाकून पाहिलं. “अवं, यावर कायबी नाय. कोरं हाय ते.”

काकांनी पुन्हा बोट आपटलं. मग हात लांब करून खिडकीतली पेन्सिल घ्यायला गेले. ती चादरीवर पडली. उचलली, पुन्हा पडली. मी उठले तर काकूंनी मला डोळ्यांनीच थांबवलं. शेवटी काकांनी ती पेन्सिल काकूंच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली.

“हां,” ते म्हणाले.

काकू पलंगाच्या कडेला टेकल्या. मग वहीवर पसरलेला काकांचा डावा हातच त्यांनी काढायला घेतला. डोळे पुसायच्या, काढायच्या. मध्ये बेल वाजली. मी दार उघडलं, औषधाच्या दुकानातून आलेला माणूस होता. मागे वळून पाहिलं, काकूंनी मान वर केली नव्हती. त्या दिवशीचा हात नखांसकट पुरा झाला.

पुढं दोन वर्षं काका होते. रोज सकाळी चहा झाला की वही तेच पुढे सरकवायचे. नंतर एका पहाटे झोपेतच गेले. मुलगी पुण्याला बोलवत होती. भाऊ देवळ्याहून आला आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाला, “चाल बहीण, तुनंच घर शे.” काकू भावाबरोबर आपल्याच घरी, माहेरी गेल्या. जाण्याआधी भिंतीवरची पानं त्यांनी स्वतः सोडवली, एकही फाटू दिलं नाही.

परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे बायकांचा गलका होता.

“खळ्यावर कांदा निवडणं चाललंय, बाई. सगळ्यांची तोंडं खाली. एकीचंबी नाक नीट दिसंना.”

“मग काय काढताय?”

“पाठी काढते. लय बोलक्या अस्त्यात पाठी.” थोडं थांबून म्हणाल्या, “बरं, ठेवते. उजेड चाललाय.”

पण फोन बंद करायला त्या विसरल्या. पलीकडून बायकांचं बोलणं येत राहिलं, कुणीतरी मोठ्यानं हसलं, कुणीतरी कुणाकडे तरी पाणी मागितलं. माझी भाजी गॅसवर होती. मी गॅस बंद केला आणि ऐकत राहिले.