डोळ्याचा घेवडा

आईच्या घेवड्याचं बी पांढरंशुभ्र असायचं आणि जिथून मोड फुटतो तिथं एक तांबडा डाग, कुणी काडीनं रंग टेकवल्यासारखा. निपाणीकडच्या आमच्या गावात त्याला सगळे डोळ्याचा घेवडा म्हणायचे. हे बी तिला कुणी प्रेमानं दिलं नव्हतं. ज्या मालकांच्या रानात ती तंबाखू खुडायला जायची, त्यांच्या बांधावर हा घेवडा असायचा. शेंगा वाळल्या, झोडपून झाल्या की चांगलं बी घरात जायचं. किडकं, फुटकं, मातीत मिसळलेलं उरायचं ते मालकीणबाई कामाच्या बायांच्या पदराच्या ओट्यात टाकायच्या. बाकीच्या बाया घरी जाऊन ते शिजवायच्या. आई दारात बसून एकेक दाणा उलटा-सुलटा करून बघायची. हात तंबाखूनं काळे, चिकट झालेले असायचे, म्हणून दाणे ती फडक्यानं उचलायची. त्यातून निघालेल्या वीस-पंचवीस धड दाण्यांवर आमच्या खोपटामागचा पहिला वेल उभा राहिला. तेव्हा मी शाळेतही जात नव्हते.

बी धरायची तिची रीत ठरलेली होती. वेलाच्या बुडाकडच्या पहिल्या शेंगा कुणी तोडायच्या नाहीत. त्यांना ती चिंधी बांधून ठेवायची. आम्ही भावंडं भुकेली असलो तरी त्या शेंगांना हात लावायचा नाही, हे आम्हाला मार खाऊन कळलेलं होतं. वेलावरच कडकडीत वाळल्या की सोलायच्या, बी शेणीच्या राखेत घोळायचं आणि काचेच्या बाटलीत बंद करायचं. पुढं मालकांनी बांध मोडले, तंबाखू जाऊन ऊस आला, त्यांच्या घरातून घेवडा गेला. आमच्याकडं तो दर वर्षी येत राहिला.

आमच्या बौद्धवाड्यातली बी.एड. झालेली मी पहिली मुलगी. बेळगावात हायस्कुलात नोकरी लागली, लग्न झालं, शहराच्या कडेला एका नव्या लेआउटमध्ये आम्ही घर बांधलं. वडील गेल्यावर आई माझ्याकडं आली, ती चार लुगडी आणि ती बाटली घेऊन.

पहिल्याच जूनमध्ये ती म्हणाली, "गेटाच्या कडंला मांडव घालूया गं. ऊन लई चांगलं येतंय तितं."

"नको आई, बरं दिसत नाही."

खरं कारण वेगळं होतं. त्या गल्लीत आम्ही कोण हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर गावाचं नाव सांगून मी विषय बदलायचे. पुढच्या दारात बांबूचा मांडव, राखेचं घमेलं आणि आईचं बोलणं, एवढं एकत्र दिसलं की लोक ओळखतील असं मला वाटायचं. आईनं वाद घातला नाही. मागं धुण्याच्या दगडाजवळ, जिथं दुपारपर्यंतच ऊन असायचं, तिथं तिनं चार काठ्या रोवल्या. शेंगा कमी यायच्या, पण बी पुरतं धरलं जायचं.

एका रविवारी गावाकडून फोन आला आणि पाठोपाठ मालकांचा नातूच दारात उभा राहिला. पुण्यातली नोकरी सोडून तो विषमुक्त शेती करायला परतला होता. बोलायला गोड, पायात साध्या चपला, अंगात खादीचा शर्ट.

"मावशी, आमच्या घरचं ते जुनं बी फक्त तुमच्याकडंच राहिलंय म्हणे," तो म्हणाला.

'आमच्या घरचं' हे मला ऐकू आलं होतं. पण माझं लक्ष त्याच्या हातातल्या कपाकडं होतं. त्याच्या आजोबांच्या घरी आईला चहा मिळायचा तो गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपातून. पिऊन झाला की तिनंच तो विसळून परत तिथं खोचायचा. आता त्याच घरातला मुलगा माझ्या सोफ्यावर बसून माझ्या कपातून चहा पीत होता आणि म्हणत होता, "अजून अर्धा कप चालेल, ताई." मी हुरळून गेले. दुसरा शब्द नाही त्याला.

स्वयंपाकघरात आई हळूच म्हणाली, "मूठभर दे. लावंल, वाढवंल. समदं दिऊ नगं."

"अगं, एवढी चांगली माणसं आहेत ती."

"चांगली हायती, न्हाय कुठं म्हन्लं? पर मूठभर म्हंजी मूठभर."

मी बाटली काढली आणि अर्ध्याच्या वर बी स्टीलच्या डब्यात ओतून त्याला दिलं. ओतताना आईकडं बघितलं नाही. मग आई बाहेर येऊन बसली आणि कधी पेरायचं, कुठल्या शेंगा ठेवायच्या, राख कशी चाळायची, हे सगळं तिनं त्याला तासभर समजावलं. त्यानं ते मोबाइलवर भरून घेतलं.

दोन वर्षांनी त्याचा फोन आला. बेळगावात देशी बियाणांचं प्रदर्शन होतं. "मावशींना घेऊन या नक्की," तो म्हणाला. मी आईला नवं लुगडं नेसवलं. हॉलमध्ये त्याचं टेबल मधोमध होतं. बुरुडाच्या टोपल्या, काचेच्या बरण्या, आणि सगळ्यात पुढं डोळ्याचा घेवडा. बरणीला कन्नडमध्ये लिहिलेलं कार्ड टेकवलं होतं.

"काय लिवलंय गं?" आईनं विचारलं.

"घेवडा लिहिलंय," मी म्हणाले.

कार्डावर लिहिलं होतं, आमच्या आजीने आयुष्यभर जपलेलं घरचं वाण.

तेवढ्यात त्यानं आम्हाला पाहिलं. टेबलाला वळसा घालून आला, आईला वाकून नमस्कार केला आणि समोरच्या लोकांकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "ह्या मावशी आमच्याकडं कामाला होत्या. आजीनं ह्यांना सगळं शिकवलं. अजून सगळं तोंडपाठ आहे त्यांना!"

लोक कौतुकानं हसले. कुणीतरी विचारलं, ह्याला कीड लागते का? त्यानं आईकडं बघितलं आणि आई उत्तर देऊ लागली. तिला टेबलामागं खुर्ची मिळाली. पुढचे दोन तास ती सांगत होती आणि सांगता सांगता बी मोजून कागदाच्या पाकिटात भरत होती. तिला कुणी भरायला सांगितलं नव्हतं. समोर काम दिसलं की तिचे हात चालू व्हायचे.

मी गर्दीत उभी होते. भरलेला वर्ग मी नुसत्या नजरेनं गप्प करते. तिथं मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तेवढ्यात शाळेतल्या एक सहशिक्षिका शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या माझ्या घरी कधी आल्या नव्हत्या. आईकडं बोट करून म्हणाल्या, "किती छान सांगतात ना! तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"गावाकडच्या आहेत," मी म्हणाले.

आई चार हातांवर होती. पाकिटाची घडी घालत होती. तिनं मान वर केली नाही, त्यामुळं तिनं ऐकलं नसेल असं मी धरून चालले.

रिक्षातून येताना मी विचारलं, "दमलीस का?"

"न्हाय," ती म्हणाली.

त्यानंतर चार दिवसांनी मी शाळेतून आले तर घरभर कांदा-लसूण चटणीच्या फोडणीचा वास. मोरीच्या कट्ट्यावर ती बाटली धुऊन पालथी घातलेली. ताटात उसळ होती. शिजल्यामुळं डाग पुसट झाले होते, तरी दिसत होते.

"आई, हे बी आहे?"

"व्हय. जेव."

"सगळं शिजवलंस?"

"समदं. ठिवून काय करायचंय? त्येंच्याकडं हाय की."

"अगं, पण आपलं..."

"आपलं?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "मी तर गावाकडची. माझं तुजं आपलं कुठलं आलंय?"

जुनं बी लवकर शिजत नाही. काही दाणे दाताखाली कचकचत होते. आई समोर बसून होती, मी खाल्लं. सगळं संपेपर्यंत खाल्लं.

नंतर मी तिची माफी मागितली, एकदा नाही, तीन-चारदा. प्रत्येक वेळी ती "बरं" म्हणाली. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं. त्या 'बरं'चं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

पुढं शाळेत एका मधल्या सुट्टीत, धीर करून, मी त्या सहशिक्षिकेला सांगितलं की प्रदर्शनातल्या त्या बाई माझी आई होती. त्या डबा खात होत्या. म्हणाल्या, "हो, तेव्हाच कळलं होतं मला. चेहरा अगदी तुमचाच आहे. तुम्ही तसं म्हणालात म्हणून मी गप्प बसले." आणि त्यांनी मला त्यांच्या डब्यातली चटणी पुढं केली.

इतकी वर्षं मी काय आणि कुणापासून झाकत होते? स्टाफरूममध्ये सगळ्यांनाच ठाऊक असावं. बहुतेक गल्लीतही.

मालकांचा नातू अजून पीक आलं की फोटो पाठवतो. मागितलं तर तो बी देईल, आनंदानं देईल, त्यात शंका नाही. मी एकदा आईला विचारलं, आणू का म्हणून. ती टीव्ही बघत होती. "कशाला?" म्हणाली आणि आवाज थोडा वाढवला. तिचे गुडघे आता गेलेत, मागच्या दारी ती फारशी जात नाही. धुण्याच्या दगडाजवळच्या काठ्या मी गेल्या पावसाळ्यात उपटून टाकल्या. भाजी मी खडेबाजारातून आणते. घेवडा असतो, लांब, हिरवागार, शिरासुद्धा काढाव्या लागत नाहीत. आई तो निमूटपणे निवडते.