आक्काच्या लक्ष्म्या

मुखवट्याला डोळे काढण्याआधी आक्का त्या घरची सगळी चौकशी करायची. मुखवटा मांडीवर, कुंचला कानावर खोचलेला आणि समोरच्या बाईवर प्रश्नांचा भडिमार. औंदा घरात काय झालं? सासू कशी हाय? लेक सासरी नांदून राहिली का? बाई बिचारी रंगकामाचं सांगायला आलेली असायची, जाताना सगळा संसार ओतून जायची. मग त्या घरच्या मुखवट्यांतली थोरली यंदा जरा दमलेली दिसायची, नाहीतर धाकटीच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू यायचं. बाकी रंग तोच, नथ तीच. फरक केसाएवढा.

देगलूरला आमच्या गल्लीच्या टोकाशी तिचं पत्र्याचं घर होतं. भाद्रपदात घरोघरी येणाऱ्या गौरींना आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणतात. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी. त्यांच्या मातीच्या मुखवट्यांना सणाआधी नवा रंग द्यायचं काम पूर्वी आक्काचा नवरा करायचा. तो गेला आणि कुंचला हिच्या हाती आला. विधवा बाईनं महालक्ष्म्यांना हळदकुंकू वाहायचं नाही, सवाष्णींच्या पंगतीला बसायचं नाही. त्यांना डोळे मात्र तिनंच द्यायचे! यात कुणालाही काही वावगं वाटत नसे. माझ्या आईलाही नाही. आक्का मुखवटे घेऊन मागच्या दारी यायची, आई तिला पायरीवर चहा द्यायची आणि दार लावून घ्यायची. आपल्या लक्ष्म्या साडी नेसून, दागिने घालून बसलेल्या आक्कानं कधी पाहिल्याच नव्हत्या.

मी लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. नोकरीच्या सुरुवातीला मला श्रद्धा, कला असले मोठमोठे प्रश्न फार पडायचे, आणि सुट्टीत घरी आले की ते मी आक्काच्या डोक्यावर नेऊन आदळायची. "आक्का, तुझा देवावर विश्वास हाय का गं?"

"मला काय ठाव?" ती कुंचल्याचं टोक ओठांनी ओलं करत म्हणायची. "रंग वल्ला हाय तवर ती माझी लेक. वाळला की तुमची देवी."

मी माझ्या प्रत्येक चित्राखाली झोकात सही ठोकते. एकदा तिला म्हटलं, मुखवट्याच्या मागं तू पण तुझं नाव घाल. ती हसली. "मागं कोण बघतंय? म्होरं बघितलं तरी लई झालं." मला तेव्हा तो विनय वाटला. विनय नव्हता तो. तिला भूक होती, आणि ती भूक तिनं आयुष्यभर कुणाला दिसू दिली नाही.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा आला. ऑपरेशन कर म्हणून मी मागं लागले, तर म्हणाली, "सण होऊ दे." आणि त्याच सणाला घोटाळा झाला. लक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी, लक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी, आई फुलं वाहायला गेली आणि तशीच थांबली. "ही आपली धाकटी न्हाई."

दोन घरांचे मुखवटे आपसात बदलले होते. एकदा बसलेली महालक्ष्मी विसर्जनापर्यंत हलवता येत नाही. पण ही आहे तरी कुणाची? आईनं मला आक्काला आणायला पाठवलं. तिला घेऊन मी अंगणात आले तशी सणाला आलेली माझी काकू आतून म्हणाली, "मागनं घेऊन ये गं तिला."

"म्होरनं येऊ द्या," आई म्हणाली. "मागून काय दिसणार तिला?"

आक्का माझा हात धरून आत आली. समया पेटलेल्या, पुरणाचा वास भरलेला. ती अगदी जवळ गेली, नाकाला नाक लागेल इतकी. हात जोडले नाहीत, काही नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "कापडवाल्याची हाय. हिचा डावा डोळा बारीक झालाय. माझंच चुकलं." आणि मग हळूच म्हणाली, "साडी लई खुलून राहिली हिला."

मी पलीकडच्या गल्लीतल्या कापडवाल्याच्या घरी सांगायला धावले. त्यांच्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "असं व्हय? आम्हाला काय कळलंच न्हाई. लक्ष्मीचा चेहरा तो लक्ष्मीचाच की." परत येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं का, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

आक्का भिंतीला टेकून खाली बसली. "चुकले त्याचं काय न्हाई. डोळेच गेले तर चूक होणारच. पर त्यांची लेक माघारी आली तवापासून मी त्यांची धाकटी उदास काढून राहिले. त्यांना ती कधी दिसलीच न्हाई?"

आईच्या हातात नैवेद्याचं ताट होतं. ती म्हणाली, "मला दिसली की."

तेव्हा आक्का रडली. तोंडाला पदर लावून, लहान पोरीसारखी हुंदके देत. आईनं तिथंच, लक्ष्म्यांसमोर, तिला पान वाढलं. काकू उठून स्वयंपाकघरात गेली. आईनं तिकडं बघितलंही नाही.

त्यानंतर आक्कानं कुंचला धरला नाही. ऑपरेशन झालं, पण हात थरथरायला लागले. पुढच्या भाद्रपदात, लक्ष्म्या बसायला आठवडाही उरला नव्हता तेव्हा, दुपारी पडल्या जागी ती गेली. मी लातूरहून पोचले तोवर सगळं उरकलं होतं. लेकरू नव्हतं तिला. अग्नी पुतण्यानं दिला.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत आई सणाच्या तयारीला लागेल. लग्न होऊन आल्यापासून तिनं लक्ष्म्यांचा खाडा होऊ दिला नव्हता. खाडा झाला तर घराला बाधतं, असं ती मनापासून मानते. पण मुखवटे पेटीतच राहिले. आगमनाच्या दिवशी शेजारची बाई डोकावली आणि सुनी खोली बघून दचकली.

"औंदा लक्ष्म्या न्हाई बसवल्या?"

"न्हाई. सुतक हाय."

"अगं बाई! घरात कोण गेलं?"

आई उंबऱ्यावर बसली होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "त्यांची आई गेली."