उद्या न येणारी बाई

सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत प्रिंटर बंद पडला म्हणून मला दुरुस्तीला बोलावलं होतं. दाखल्यांसाठी माणसं खोळंबली होती आणि साहेब सगळ्यांना "उद्या या" म्हणत होते. अक्कलकोटकडची एक बाई मात्र खिडकी सोडायला तयार नव्हती.

"उद्या लेकीच्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस हाय. दाखल्याबिगर मी हलत न्हाय."

नवा राउटर बसवल्यामुळे प्रिंटरचा नेटवर्कमधला पत्ता बदलला होता आणि कॉम्प्युटर त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत होता. मी तसं साहेबांना सांगितलं, तर तीच कडाडली, "पत्ता बदलला म्हंजी मेला न्हाय की! हुडका!"

मला हसू आलं, पण हात भराभर चालू लागले. नवा पत्ता घातल्यावर प्रिंटर घरघरला. तिने दाखल्यावरचं लेकीचं नाव बोट ठेवून वाचलं आणि शिक्का मारून घेतला.

"झालं ना? जा आता," म्हणत साहेब खिडकी लावू लागले. तिने चटकन फटीत हात घातला.

"माजं झालं. ह्या मागच्यांचं?"

"मावशी, तुमची एसटी जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे की," ती म्हणाली, आणि शेवटचा दाखला निघेपर्यंत तिने तो हात काढला नाही.