विजूताईची सातवी घंटा

शुभाचा फोन आला तेव्हा मी कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत उभा होतो. हातातल्या पिशवीत सोल्डरिंग आयर्न, पक्कड, वायरचे दोन तुकडे. "मामा, आई गेली," ती म्हणाली. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि खुर्चीतच मान कलली, असं शेजारच्या बाईंनी तिला कळवलं होतं. "मी पुण्याहून निघालेय. तुम्ही पुढं व्हा," ती म्हणाली. मी म्हणालो, "फाट्यावरच आहे. तिच्याकडंच निघालो होतो." "का?" तिनं विचारलं. एसटी आली, मी चढलो.

पेपरात लिहायची मला सवय नाही. कापूरहोळला तीस-पस्तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान चालवलं, एवढीच माझी ओळख. माझी थोरली बहीण विजया, आमची विजूताई, मात्र लिहिण्यासारखी होती. भोरची मुलगी, शिकलेली. मास्तरीण होऊन वेल्ह्याकडच्या पासलीच्या शाळेत गेली आणि नोकरीची बहुतेक वर्षं तिथंच राहिली. दाजी तलाठी, पायाला भिंगरी, रविवारी घरी असले तर असले. ताई आणि तिची एकुलती एक शुभा, दोघी कोंडाबाईंच्या घरात दोन खोल्या घेऊन राहायच्या. कोंडाबाई म्हणजे घरमालकीण. भाताची शेती, तोंडाने फटकळ, मनाने अघळपघळ.

शुभा दहा वर्षांची असताना मी तिला व्हिडिओ गेम नेऊन दिला. एक गिऱ्हाईक गाव सोडून परदेशी चाललं होतं, त्यानं जाताना दुकानात ठेवून दिलेला. सोबत कॅसेट एकच. बाकीच्या गेममध्ये धावायचं, उड्या मारायच्या, मरायचं. ह्यात तसलं काही नव्हतं. लाल मफलर गुंडाळलेला एक एवढासा वाटसरू, हातात कंदील. एका मोठ्या तळ्याखाली बुडालेलं गाव आणि त्या गावच्या सात घंटा डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या. त्या शोधायच्या, बस. कुठं जायचं हे कुणी सांगत नाही. वाटेत भेटणारी माणसं इंग्रजीत दोन ओळी बोलतात, त्यावरून काय ते आपण ओळखायचं. मला वाटलं, पोरगी दोन दिवसांत कंटाळेल. कंटाळली नाही, कारण तिच्याआधी तिची आईच त्यात गुंतली. दर रविवारी वीज असली की दोघी टीव्हीसमोर. रिमोट शुभाच्या हातात, आणि ताई शेजारी वही घेऊन. माणसं काय बोलतात त्याचा मराठीत अर्थ सांगायचा आणि चाललेल्या वाटेचा नकाशा काढायचा, हे तिचं काम.

तो नकाशा मी पाहिलाय. शाळेच्या आडव्या वहीची चार पानं डकवून केलेला, रंगीत पेन्सिलींनी. तीन वाटा फुटतात त्या जागेला तिनं नाव दिलं होतं कापूरहोळ. ढगात टोक गेलेला डोंगर म्हणजे राजगड. एका घळीला कोंडाबाईचा गोठा, कारण त्यात शिरलं की बाहेर पडायची वाट सापडायची नाही. कोंडाबाई स्वतः दारात सूप घेऊन बसायच्या आणि निवडता निवडता बघायच्या. एकदा मी गेलो होतो तेव्हा म्हणाल्या, "बाई, त्या मफलरवाल्याला बसू द्या की घटकाभर. सकाळधरनं लई चाललंय त्ये." ताई हसली, पण वाटसरूला एका झाडाखाली थांबवायला तिनं खरंच शुभाला सांगितलं. कोंडाबाईंची लेक गुंजवण्याकडं दिलेली. तिकडं तेव्हा धरणाचं बोलणं चाललं होतं, जमिनी जाणार म्हणून. त्यांनी एक दिवस विचारलं, "ते पान्याखालचं गाव वर येतं का वो शेवटी?" ताई म्हणाली, "माहीत नाही, कोंडाबाई. अजून शेवटापर्यंत आम्ही पोचलोच नाही." त्यावर कोंडाबाई नुसत्या "व्हय" म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

आता जे सांगायचं ते सांगतो.

खेळ सुरू होऊन वर्ष होत आलं असेल. सहावी घंटा सापडली होती. अशा कॅसेटच्या आत बटणाएवढा एक सेल असतो. खेळ जिथवर आला ती जागा त्या सेलच्या जोरावर कॅसेटच्या लक्षात राहते. टीव्ही बंद केला तरी पुढच्या रविवारी तिथूनच पुढं. तर कॅसेट अधूनमधून लागेनाशी झाली, चित्र फाटायला लागलं, म्हणून ताई ती रुमालात बांधून माझ्या दुकानात घेऊन आली. म्हणाली, "दिलीप, आतलं पुसू देऊ नको हं. सहा झाल्यात. शुभा रोज विचारते, सातवी कधी." मी म्हणालो, "माझ्या हातून आजवर काही बिघडलंय का?" खरंच बिघडलं नव्हतं, आणि त्याचा मला ताठा होता. ती गेल्यावर कॅसेट उघडली. सेलच्या टोकाशी गंज धरला होता. सोल्डरिंगचा डाग सोडवला, सेल उचलला, टोकं घासून स्वच्छ केली... आणि सेल चिमट्यात धरलेला असतानाच माझ्या लक्षात आलं. वीज तुटली होती. पुन्हा जोडलं, दुकानातल्या टीव्हीला लावून पाहिलं. चित्र लख्ख आलं, पण खेळ पहिल्या पावलावर. एक वर्षाचे रविवार गेले होते.

त्याच वेळी पासलीला जाऊन सांगितलं असतं तर ताई रागावली असती, फार तर दोन दिवस. मी गेलो नाही. वेल्ह्याला निघालेल्या ओळखीच्या जीपवाल्याजवळ कॅसेट दिली आणि "दुरुस्त झाली" असा निरोप. पुढच्या आठवड्यात ताई माहेरी भोरला आली, मीही गेलो होतो, तेव्हा म्हणाली, "अरे, खेळ पहिल्यापासून सुरू होतोय. तुझ्याकडून काही झालं का?" ती नीट, सरळ विचारत होती. आणि मी म्हणालो, "मी दिली तेव्हा होतं की सगळं. शुभानं काहीतरी दाबलं असेल. नवीन खेळ सुरू केला की जुना पुसतो त्यात." ताई म्हणाली, "तीच म्हणत होती, कॅसेट आल्या आल्या तिनं लावून पाहिली म्हणून." आणि विषय संपला.

ताईनं शुभाला मारलं नाही, ओरडलीही नसावी. ती तशी नव्हती. पण त्यानंतर मी पासलीला गेलो तेव्हा शुभा ओसरीवर अभ्यास करत होती आणि आत ताई एकटीच रिमोट धरून बसली होती. "ती नाही खेळत?" मी विचारलं. "नको म्हणते," ताई म्हणाली. "मोठी झाली. मैत्रिणी आहेत आता." मी शुभाकडं पाहिलं. तिनं वहीतून मान वर काढली नाही. तेव्हाही सांगता आलं असतं. कोंडाबाईंनी चहा आणला, मी चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो आणि शेवटच्या गाडीनं परत आलो.

पुढं शुभा शिकायला पुण्याला गेली, तिथंच नोकरी, लग्न, संसार. दाजी गेले. निवृत्त झाल्यावर ताई भोरला घर करून राहिली. त्या सामानाच्या हलवाहलवीत तो नकाशा वाळवीनं खाल्ला होता असं निघालं. ताई म्हणाली, "असू दे, सगळं डोक्यात आहे." खेळ तिनं सोडला नव्हता. पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करून तिनं एकटीनं सहा घंटा पुन्हा मिळवल्या होत्या. मधल्या काळात सेल कमजोर झाला तेव्हा तिनं कॅसेट माझ्याकडंच आणून दिली. कुठल्या विश्वासानं, ते तीच जाणे. तोवर मी शिकलो होतो. जुना सेल काढण्याआधी दुसरा सेल वायरनं त्याच टोकांना जोडून धरायचा, म्हणजे वीज तुटत नाही, आतलं जसंच्या तसं राहतं. दहा मिनिटांचं काम. पण लावून बघण्याचं धाडस झालं नाही. तिनंच घरी नेऊन पाहिलं आणि फोन केला, "आहे रे, सगळं आहे." मी म्हणालो, "सातवीचं काय?" ती म्हणाली, "राहू दे... शुभा आली की."

शुभा यायची, पण दोन दिवसांसाठी, पोरांना घेऊन, कामाचा फोन कानाला. खेळू या का, असं आई विचारायची नाही, लेक म्हणायची नाही. एकदा शुभानंच सांगितलं की तिच्या ऑफिसातली तरुण मुलं आजही हा खेळ खेळतात, जुन्या कॅसेटी जिवापाड जपतात, त्यातली गाणी गुणगुणतात. "आई, तुझ्या मोबाईलवर टाकून देऊ का?" ताई नको म्हणाली. मला नवल वाटायचं. इतके झकपक खेळ आले असताना ह्या ठोकळ्या-ठोकळ्यांच्या चित्रात लोकांना काय मिळतं? मी एकदा ताईला विचारलंही. ती म्हणाली, "आताच्या खेळात बाण दाखवतात, इकडं जा, तिकडं वळ. नातवाचं बघते ना मी. ह्यात कुणी हात धरत नाही. पासलीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही कुणी काही सांगितलं नव्हतं. चुकत चुकत चाललं की वाट आपली होते. आणि एकदा आपली झाली की मग ती जागाच आपली वाटते. डोंगर चढून गेल्यावर तळं दिसतं ना, तिथं मी अजून उगीच थांबते. करायचं काही नसतं तिथं." मग म्हणाली, "आणि पहिल्यांदा कुणाबरोबर पाहिलं, तेही असतंच त्यात."

हे ऐकूनही मी गप्प बसलो. एवढं साधं वाक्य मी तीस वर्षं गिळून बसलो. सुरुवातीला लाज होती. मग वाटलं, आता कशाला. मग वाटलं, विसरल्या असतील. जाण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी तिनं फोन केला होता. "वायर ढिली झालीय, चित्र हलतंय. ये ना एकदा, सगळं घेऊन ये." ह्या रविवारी येतो, पुढच्या रविवारी येतो असं मी करत राहिलो. तिच्यासमोर ती कॅसेट उघडून बसायचं मला जड जात होतं. निघालो तो नेमका त्या दिवशी.

चौदाव्याचं आटोपल्यावर पाहुणे गेले. शुभा मागच्या पडवीत भांडी पुसून ठेवत होती. मी तिथं पायरीवर बसलो आणि सांगून टाकलं. सेल, गंज, जीपवाला, भोरला येऊन ताईनं विचारलेला प्रश्न आणि मी पुढं केलेलं शुभाचं नाव. ती पुसत राहिली. एकच पातेलं बराच वेळ. मग म्हणाली, "मामा, मला वाटत होतं मीच केलं."

"तू काही केलं नव्हतंस."

"मी लावलं होतं ना. लावलं आणि पहिलं पान आलं. मला वाटलं, माझं बोट लागलं कशावर तरी." तिनं पातेलं खाली ठेवलं. "आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं, माझ्या हातात परत द्यायला तिला नको असेल. म्हणून मीच नको म्हणाले."

"ताईला वाटत होतं तुला आवड राहिली नाही."

शुभानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. राग असता तर मी तो झेलला असता. "तुम्हाला दोन्ही बाजू माहीत होत्या," ती म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली. संध्याकाळी मला गाडीवर सोडायला तिचा नवरा आला, ती आली नाही.

महिन्याभरानं तिचा फोन आला. ताईचं सामान आवरायला ती भोरला आली होती. "ते जोडून द्याल का?" एवढंच म्हणाली. मी गेलो. दुपारची वेळ. ताईच्या खोलीत जुना पेटीसारखा टीव्ही तसाच, त्याच्यावर तिनं विणलेला रुमाल, खाली सतरंजी. ढिली वायर होती, डाग दिला, पाच मिनिटांत झालं. बटण दाबलं आणि चित्र आलं. अशा खेळात तीन जणांचे खेळ वेगवेगळे साठवता येतात, नावं घालून. पहिल्या ओळीत इंग्रजीत विजू. पुढं सहा घंटा. मी उठायच्या बेतात होतो तेवढ्यात शुभानं माझा हात धरला. दुसऱ्या ओळीत तिचं नाव होतं. पुढं काही नाही. नाव घालून ठेवलेलं, एक पाऊलही न चाललेलं.

"हे कधी केलं आईनं?"

खेळ पुसला त्या वर्षी असेल, की ती जाण्याच्या आधीच्याच महिन्यात, सांगायची काही खूण त्यात नसते.

शुभानं रिमोट उचलला आणि स्वतःच्या नावावर आली. तळ्याच्या काठी लाल मफलरचा वाटसरू उभा राहिला, कंदील धरून. समोर तीन वाटा.

"कुठं जायचं, मामा?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो. "कॅसेट दोनदा उघडली मी. पण खेळ कधी पाहिला नाही बसून."

ती सतरंजीवर थोडी सरकली. "बसा मग," म्हणाली. माझ्याकडं न बघता तिनं वाटसरूला डावीकडच्या वाटेला लावलं.