पदर खोचायची खूण

वडगावात आमच्या गल्लीत एक विणकर राहतात. कॉक्लिअर इम्प्लांट झाल्यापासून त्यांना ऐकू येतं, पण माग सुरू केला की ते कानामागचं यंत्र काढून खिशात ठेवतात. कंटाळवाणा माणूस भेटला तरी तेच. मला एकदा म्हणाले, "सर, तुमचं बोलणं लई संथ. बॅटरी संपतीया माझी."

कर्णबधिर मंडळींच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला खुणेचं नाव दिलं आहे. माझं नाव नाकावरून घसरलेला चष्मा. माझ्या बायकोचं, भांडायच्या तयारीनं कमरेला खोचलेला पदर. "व्हय, आणि जिंकते बी मीच!" असं ती वर ऐकवायची.

ती गेल्यावर भेटायला येणारे तिचं नाव टाळू लागले. मलाही ते उच्चारवेना. बाराव्या दिवशी विणकर आले. समोर बसून त्यांनी यंत्र खिशात ठेवलं, सावकाश पदर खोचायची खूण केली आणि भुवया उंचावल्या. त्यांच्या भाषेत तो प्रश्न असतो.

मी चष्मा वर सरकवला. मग नसलेला पदर कमरेला खोचून, ती गेल्यापासून पहिल्यांदाच, तिचं नाव घेतलं.