पाठीवरची पत्री

नव्वदच्या दशकाचा शेवट. नगरच्या एमआयडीसीत डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मोजमापाच्या खात्यात होतो. कॉलेजात हॉस्टेलला माझ्या खोलीत राहिलेला मित्र तोवर इतिहासाचा प्राध्यापक झाला होता. आम्ही दोघंही मिरजगावचे. त्याचे वडील शाळेत मास्तर, माझे वडील रस्ते खात्यात मैलकुली, म्हणजे भर उन्हात हायवेचे खड्डे बुजवणारे. गावात आमची नुसती ओळख होती, मैत्री झाली ती नगरला आल्यावर. गावातच राहिलो असतो तर झाली असती का, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही. पडायला हवा होता.

आमच्या घरात एक चिलखत होतं. चार लोखंडी पत्रे, छातीला एक, पाठीला एक, दोन कुशींना, कातड्याच्या पट्ट्यांनी जोडलेले. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पणजा एका किल्ल्याच्या दरवाजावर पहाऱ्याला असायचा. ते त्याच्या अंगावरचं. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, घरातले देव गेले, खंडेनवमीची पूजाही बंद झाली. पण चिलखत आबांनी टाकलं नाही. ते म्हणायचे, हा देव न्हाई, हा आपला मानूस हाय.

त्या चिलखताच्या पाठीला एक भोक पडलेलं आणि त्यावर ठिगळ होतं. ठिगळ कसलं, तर बैलाच्या खुराला मारतात ती लोखंडी पत्री, खिळ्यांनी ठोकून बसवलेली, तीही वाकडी. त्या काळी गावातला लोहार आमच्या माणसाच्या अंगावरची वस्तू हातात घेईना, म्हणून पणज्याने कुणाच्या तरी गोठ्यातली मोडकी पत्री आणून स्वतःच ठोकली. लहानपणी मी आबांना चिडवायचो की पाठीत भोक म्हणजे तुमचे पणजोबा पळत असणार. ते जाम भडकायचे. मग शांत झाले की सांगायचे, तटावरून वर चढणाऱ्यांना खाली ढकलताना मागून वार बसला. खरं खोटं कुणाला माहीत, पण पत्री खरी होती.

आमच्या कारखान्यात तेव्हा लेसरने मोजणारं नवं यंत्र आलं होतं. एखादी वस्तू खाली ठेवायची, लेसरचा लाल ठिपका तिच्यावरून फिरायचा आणि कॉम्प्युटरवर लाखभर बिंदूंची ती वस्तू उभी राहायची, चहूबाजूंनी फिरवता यायची. मी हे कौतुकाने मित्राला सांगितलं आणि त्याचे डोळे चमकले. म्हणाला, आपल्या जिल्ह्यात कुणी असं केलं नाही, तुझ्या घरचं चिलखत आपण कॉम्प्युटरवर घेऊ, मी त्यावर पुस्तक लिहितो, प्रदर्शन भरवतो. त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. साहेबांकडून सुट्टीच्या दिवशी यंत्र वापरायची परवानगीही मीच काढली.

आबा तयार होईनात. मित्र मुद्दाम मिरजगावला आला, आमच्या ओट्यावर बसून त्याने चहा घेतला, पणज्याची गोष्ट वहीत उतरवून घेतली. पत्रीची तर दोनदा विचारली. आबांची एकच अट होती. पुस्तकात आणि प्रदर्शनात त्यांच्या पणज्याचं नाव पाहिजे, आणि हे कुणाचं चिलखत ते स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. "आमचं कुठंच लिवलेलं न्हाई, सर," आबा त्याला म्हणाले. माझ्या वयाच्या पोराला सर म्हणताना त्यांना काही वाटलं नाही, मला मात्र वाटलं. मित्राने आबांचे दोन्ही हात हातात घेऊन शब्द दिला.

मग आम्ही चिलखत गोणपाटात गुंडाळून नगरला आणलं. चकचकीत लोखंडावर लेसर बिचकतो, म्हणून त्यावर पांढरी पावडर मारावी लागते. ती मारली, एकेक पत्रा चारही अंगांनी मोजला. चार सुट्ट्या त्यात गेल्या. मोजलेले बिंदू जसेच्या तसे कधी वापरत नाहीत, ते साफ करावे लागतात. कारखान्यात आमचं रोजचं कामच ते. झिजलेला डाय मोजायचा आणि कॉम्प्युटरवर त्याची झीज, खड्डे, टवके काढून तो मूळचा होता तसा गुळगुळीत करून द्यायचा. हात बसला होता त्यात.

मित्र शेजारी बसून बघत होता. पाठीचा पत्रा पडद्यावर आला तेव्हा तो म्हणाला, "मागचं ते ओबडधोबड जरा काढ ना, मूळचं रूप दिसलं पाहिजे." आणि मी काढलं. भोक बुजवलं, उंचवटा पुसला, खिळ्यांची डोकी घालवली. मला काहीच वाटलं नाही हो, हेच तर सांगतोय. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, आणि त्या क्षणी मला फक्त वाईट पृष्ठभाग दिसत होता. डिस्क भरली म्हणून साहेब ओरडत होते, तेव्हा मूळचे बिंदूही मी पुसून टाकले आणि साफ केलेलं तेवढं ठेवलं.

प्रदर्शन नगरला एका सभागृहात होतं. चिलखत तोवर घरी परत गेलं होतं, तिथे फक्त कॉम्प्युटर होता आणि पडद्यावर ते सावकाश फिरत होतं. आबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सकाळच्या एसटीने आले. उद्घाटनाला जवळच्या गावातल्या जुन्या सरदार घराण्याचे वंशज पाहुणे होते, पुस्तकाच्या छपाईलाही त्यांचीच मदत. पडद्याखाली पाटी होती: स्थानिक सरदार घराण्यातील चिलखत. पणज्याचं नाव पाटीवर नव्हतं, पुस्तकातही नव्हतं. मी दोनदा पानं चाळली.

मी मित्राला बाजूला घेतलं. तो शांतपणे म्हणाला की कागद नाही, पुरावा नाही, सरदारांच्या दप्तरात चिलखतांची नोंद आहे, इतिहास तोंडी गोष्टींवर चालत नाही. हाच माणूस आमच्या ओट्यावर बसून तोंडी गोष्ट लिहून घेत होता. माझं डोकं सणकलं. पण आबा मागे येऊन उभे राहिले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चिडले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं, कारण त्यांच्याकडे उत्तर होतं.

"सर, पुरावा पाठीवर हाय. सरदाराला काय लोहार मिळाला नसता व्हय? बैलाची पत्री कोन ठोकंल? फिरवा त्ये, दावा समद्यांना पाठ."

पाच-सहा लोक जवळ आले. मला तेव्हा लख्खकन आठवलं. मित्राने चिलखत फिरवलं. पाठ आली. आरशासारखी गुळगुळीत.

आबा वाकून बघत राहिले. आपलं चुकतंय असं वाटून त्यांनी चष्मा पुसला. मग विचारलं, पत्री कुठं गेली. मित्राने माझ्याकडे बोट केलं. "त्यानेच साफ केली, आबा. त्याला विचारा."

खरं होतं. पत्री मी विसरलो होतो, पण तो विसरला नव्हता. त्याच्या वहीत ती लिहिलेली होती. माझ्या हाताने त्याने माझ्याच घरचा पुरावा पुसून घेतला आणि वर भर सभेत बापासमोर मला उघडं पाडलं. त्या दिवसानंतर मी त्याचं तोंड पाहिलं नाही. त्याला कधी माफ करणार नाही, आणि हे मी शांत डोक्याने लिहितोय.

स्टँडवर मी आबांना म्हणालो, चिलखत पुन्हा द्या, मी नव्याने मोजतो, पत्रीसकट. ते गाडीकडे बघत होते.

"आता न्हाई द्यायचं. त्यालाबी न्हाई, तुलाबी न्हाई."

मला वाटलं राग आहे, जाईल. घरी जाणं-येणं, बोलणं-चालणं सगळं चालू राहिलं, तो विषय मात्र आबांनी पुन्हा काढला नाही. दोन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा राहात्याला दिलेली माझी बहीण आली. आबांनी तिला फडताळातून चिलखत काढायला लावलं, पत्रीवर तिचा हात ठेवून पणज्याची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि घेऊन जा म्हणाले. मी घरातला थोरला मुलगा, त्यांच्या उशाशीच बसलो होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.